लाइनमध्ये खरखर आहे

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर बसणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की हॅलोबाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. सव्वीस वर्षं दिवसातून दीडशे वेळा एकच शब्द म्हणणाऱ्या बाईला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

कंपनी म्हणजे तळमजल्यावरची एक लांबलचक खोली. दारातून आत आलं की डाव्या हाताला हॅलोबाईंचं टेबल, टेबलावर तीन लाइनींचा आणि आठ एक्स्टेन्शनचा जुना बोर्ड. मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांना अडकवलेले पितळी बिल्ले, एक ते अकरा. अकरा मेकॅनिक, अकरा बिल्ले. कोण कुठल्या कामावर गेलाय हे बिल्ला कुठल्या खिळ्यावर लटकतोय यावरून कळायचं, आणि ते फक्त हॅलोबाईंनाच कळायचं. मालकांना काही विचारायचं असलं तर तेही भिंतीकडे न बघता हॅलोबाईंकडेच बघत.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायची त्यांची एक ठरलेली रीत होती. "दाराला हात लावू नका. दिव्याकडे बघा. माणूस निघालाय." माणूस त्या वेळी बहुधा चहा पीत बसलेला असायचा. पण 'निघालाय' म्हटल्यावर पलीकडचा श्वास खाली येतो हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या, आणि एकदा म्हणून टाकल्यावर माणसाला अर्ध्या कपावरून उठवायचं कामही त्या चोख करत.

आता मुख्य गोष्ट. हॅलोबाईंना ऐकू येत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी एके सकाळी रिसीव्हर नेहमीसारखा डाव्या कानाला लावला, तर लाइन मेलेली. त्यांनी फोनखात्यात तक्रार केली. लाइनमन आला, त्यानं रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाला, "बाई, लाइन ठणठणीत आहे." त्या म्हणाल्या, "मघाशी नव्हती." तो गेला. मग त्यांनी रिसीव्हर उजव्या कानाला लावून बघितला, तर लाइन खरंच ठणठणीत होती.

त्या दिवसापासून उजवा कान, उजवा खांदा आणि त्यांच्यामध्ये रिसीव्हर, कारण उजव्या हातानं लिहायचं असतं. मान कायमची एका अंगाला कलली. लोकांना वाटलं, वय झालं. पुढं उजवा कानही हळूहळू मागे पडायला लागला.

हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. कारणही तसंच होतं. चार नंबरचा जुना मेकॅनिक डोळ्यांनी अधू झाला तेव्हा थोरल्या मालकांनी त्याला चांगल्या मनानं गोदामात नट-बोल्ट मोजायला बसवलं होतं, आणि महिन्याभरात तो स्वतःहून घरी बसला. हॅलोबाईंच्या नोकरीची आता चारच वर्षं उरली होती. ती त्यांना त्याच खुर्चीत काढायची होती आणि त्याच खुर्चीतून उठून घरी जायचं होतं. फोनवरची बाई बहिरी आहे हे कळल्यावर तिला फोनवर कोण ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला दोन गोष्टी कामी आल्या. पहिली म्हणजे खरखर. जुन्या लाइनींत ती खरोखरच असायची, आणि नसली तरी आहे म्हणायला काय जातंय? "लाइनमध्ये खरखर आहे, जरा मोठ्यानं बोला." लोक मोठ्यानं बोलत. दुसरी गोष्ट म्हणजे नियम. "पत्ता दोनदा सांगा, आमच्याकडे दोनदा लिहून घेतात." असा काही नियम कंपनीत नव्हता. पण हॅलोबाईंनी तो इतक्या ठसक्यात लावला, की वर्षभरात थोरल्या मालकांनी मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं आणि 'पत्ता दोनदा घ्या' अशी पाटी रंगवून भिंतीवर लावली. चोरानं कुलूप शोधून काढावं आणि गावानं त्याचा सत्कार करावा, त्यातला प्रकार.

घरी मात्र नियमही नव्हता आणि लाइनही नव्हती. घरी त्यांचे यजमान. कंपनीपासून तीन गल्ल्यांवर त्यांचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं, म्हणून त्यांना सगळे फ्रेमवाले म्हणत. माणूस मुळातच हळू बोलणारा. हॅलोबाई म्हणायच्या, "आधी तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलायचं सोडा." तीन वर्षांपूर्वी एकदा जेवताना ते म्हणाले होते, "अगं, एकदा कान दाखवून घे." त्यावर हॅलोबाईंनी ताट तसंच ठेवलं आणि पुढचे दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही. त्यानंतर फ्रेमवाल्यांनी घरात कानाचा विषय काढला नाही. रोज दुपारी एक वाजता मात्र दुकानातून फोन करायचे. हॅलोबाई उचलायच्या, "हो, जेवले. सहाला येते," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. नवऱ्याशी गप्पा मारायला कंपनीनं लाइन घेतलेली नाही, असं त्यांचं मत होतं. दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मग कुणीतरी रस्ता खणला आणि केबल तोडली. नऊ दिवस तिन्ही लाइनी बंद. त्या नऊ दिवसांत एका बिल्डिंगमध्ये एक बाई भाजीच्या पिशवीसकट तीन तास लिफ्टमध्ये अडकून राहिली, कारण वॉचमन फोन लावत राहिला आणि इथे बोर्ड मुका बसला होता. शेवटी वॉचमन सायकल हाणत स्वतः आला. धाकट्या मालकांनी त्याच दिवशी ठरवलं की आता हे पुरे झालं.

धाकटे मालक म्हणजे थोरल्यांचा मुलगा. गुडघ्यांमुळे थोरले घरी बसले, तेव्हापासून सगळं तेच बघत. आठवड्याभरात त्यांनी इंटरनेटवरून चालणारे फोन बसवणारी एक इंजिनिअर मुलगी आणली. तिनं पाठीवरची सॅक खाली ठेवली, जुना बोर्ड काढून जमिनीवर ठेवला आणि त्या जागी एक स्क्रीन आणि दोन्ही कानांवर बसणारा हेडफोन मांडला.

"नंबर तुमचा जुनाच राहणार," तिनं सांगितलं. "पण तो आता तारेत अडकलेला नाही. रस्ता खणला तर घरी बसून घ्या फोन, नाहीतर मोबाइलवर घ्या. तुम्ही उचलला नाही तर चार वेळा वाजून आपोआप मेकॅनिककडे जाईल. एकाच वेळी दहाजणांनी केला तरी कुणाला एंगेज लागणार नाही. कोणाचा फोन आहे, त्याची मागची तक्रार काय होती, सगळं इथे दिसेल. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होईल. आणि ताई, मुख्य म्हणजे खरखर. ती आता नावालाही राहणार नाही."

खरखर गेली म्हणजे अर्धी मूठ उघडली, हॅलोबाईंनी हिशेब केला.

"उत्तम," धाकटे मालक म्हणाले. "दर शनिवारी मी आठवड्यातले दहा-बारा कॉल ऐकत जाईन. आपलं कुठं चुकतं ते तरी कळेल."

उरलेली अर्धी शनिवारी उघडणार होती.

फोन उचलायच्या आधी वाजणारं स्वागताचं वाक्य हॅलोबाईंच्याच आवाजात असावं असं धाकट्या मालकांनी सांगितलं. 'लिफ्टमध्ये कोणी अडकलं असेल तर एक दाबा. तक्रार असेल तर दोन दाबा. पत्ता दोनदा सांगा.' हे नीट म्हणायला सात प्रयत्न लागले. दर वेळी ती मुलगी माइक थोडा लांब सरकवायची आणि म्हणायची, "छान. आता जरा हळू." सातव्या वेळी माइक टेबलाच्या पार टोकाला गेला होता. हॅलोबाईंना वाटलं, मुलगी नवशिकी आहे.

पहिला आठवडा त्यांनी जीव मुठीत धरून काढला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना एक खुबी सापडली. कॉल संपला की स्क्रीनवर त्याची एक ओळ उमटायची, तिच्यावर बोट ठेवलं की तो कॉल पुन्हा ऐकता यायचा. आणि पुन्हा ऐकताना आवाज वाढवता यायचा, अगदी शेवटपर्यंत. मग काय, हॅलोबाईंची गाडी रुळावर आली. फोन घ्यायचा, पत्ता दोनदा विचारायचा, ठेवायचा, पुन्हा ऐकायचा, मग बिल्ला हलवायचा. एखादं मिनिट जास्त जायचं, पण काम बिनचूक. ज्या यंत्राला त्या घाबरल्या होत्या तेच त्यांच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी एक दाबून कॉल आला. म्हणजे कोणीतरी अडकलेलं. हॅलोबाईंनी घेतला. पलीकडे काहीतरी होतं, पण भिंतीआड कुणी पुटपुटावं तसं. माणूस म्हातारा असावा आणि मोबाइल लिफ्टच्या पत्र्याच्या पेटीत. पत्ता दोनदा विचारला. दोन्ही वेळा तेच पुटपुटणं. खरखर आहे म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, खरखर आता नाही. फोन ठेवून पुन्हा ऐकावा, तर अडकलेल्या माणसाचा फोन कधी ठेवायचा नसतो. हे सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही केलं नव्हतं.

स्क्रीनवर बघितलं. याच नंबरावरून मागच्या आठवड्यात तक्रार आली होती, पत्त्यासकट लिहिलेली. त्यांनी पत्ता मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "आजोबा, याच बिल्डिंगमध्ये आहात ना? असाल तर फोनवरचं कुठलंही बटण दोनदा दाबा."

टूं, टूं. हा आवाज त्यांना लख्ख ऐकू आला.

"एकटे आहात? एकटे असाल तर दोनदा."

टूं, टूं.

"दाराला हात लावू नका. दिव्याकडे बघा. माणूस निघालाय." त्यांनी पाच नंबरचा बिल्ला काढला आणि टेबलाशेजारी उभ्या पाच नंबरच्या हातात पत्त्याची चिठ्ठी कोंबली. चौदा मिनिटांनी आजोबा बाहेर आले.

ऑफिसात कुणाला काही जाणवलं नाही. पण हॅलोबाईंना आता शनिवार दिसत होता. अडकलेल्या माणसाचा कॉल धाकटे मालक आधी ऐकणार. आणि माणूस बोलत असताना त्याला बटणं दाबायला लावणारी बाई बहिरी नाही तर कोण?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. हॅलोबाईंनी डबा बाजूला सारला आणि तो कॉल लावला. आवाज शेवटपर्यंत. मालकांना काय ऐकू येणार आहे ते आपण आधी ऐकलेलं बरं.

आजोबा स्पष्ट बोलत होते. पत्ता त्यांनी न विचारता दोनदा सांगितला होता. बटण दाबता दाबताही ते तोंडानं म्हणत होते, "हो ताई, तिथेच. हो, एकटाच." आणि त्यांच्यावर कुणीतरी जोरजोरात ओरडत होतं. ते कोण, हे कळायला हॅलोबाईंना थोडा वेळ लागला. तो त्यांचाच आवाज होता. माइक टेबलाच्या टोकाला का गेला होता ते आता कळलं.

मग त्यांनी दुसरा कॉल लावला. मग तिसरा. ज्या त्या दिवशी त्यांनी ते पुन्हा ऐकले होते, पण कानात प्राण आणून ऐकला होता तो पत्ता, बाकी काही नाही. आता बाकीचं ऐकलं. दवाखान्याच्या बिल्डिंगचा मॅनेजर एकेक शब्द सुटा करून बोलत होता, लहान मुलाला शिकवावं तसा. एक सोसायटीचा सेक्रेटरी शेजारच्याला सांगत होता, "थांब, हॅलोबाई आहेत, जरा मोठ्यानं बोलावं लागतं." पाच नंबरचा मेकॅनिक साइटवरून बोलताना पत्ता तीनदा सांगत होता, दोनदा नव्हे, आणि वैतागाचं नावही नाही. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि अख्खी आळी बघत उभी होती. किती वर्षं, कोण जाणे.

हॅलोबाईंना लाज वाटली. नुसती लाज असती तर परवडलं असतं, पण तिच्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं, त्यामुळे डोळे भरून आले.

यादीत रोज एक वाजताची एक ओळ होती. तो नंबर फ्रेमवाल्यांच्या दुकानाचा. हा कॉल कधी पुन्हा ऐकायची गरजच पडली नव्हती, त्यात पत्ता थोडाच असतो? त्यांनी पहिल्या दिवसाची ओळ लावली.

"जेवलीस?" फ्रेमवाले विचारत होते. त्यांचा आवाज मोठा होता. दुकानात गिऱ्हाइकासमोर हा हळू बोलणारा माणूस फोनमध्ये ओरडत होता. "संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का दोघं?"

"हो, जेवले. सहाला येते," हॅलोबाईंचा आवाज.

त्यावर फ्रेमवाल्यांचं, "बरं."

दुसरा दिवस. "डॉक्टर सातपर्यंत असतात. येतेस?" "हो, जेवले. सहाला येते." "बरं."

त्यांनी सगळे लावले. सतरा दिवस, सतरा कॉल. एखाद्या दिवशी फक्त 'जेवलीस?' होतं. चौदा दिवशी डॉक्टर होते. चौदा वेळा हॅलोबाई हो म्हणाल्या होत्या, सहाला दुकानावरून गेल्या होत्या आणि 'चला, भाजी घ्यायचीय' म्हणून सरळ घरी निघाल्या होत्या. आणि फ्रेमवाल्यांनी ब्र काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी एक वाजता पुन्हा विचारलं होतं. हे सतराच दिवस यंत्रात होते. त्याआधीची तीन वर्षं कुठल्याच यंत्रात नव्हती.

एक वाजला. फोन वाजला.

हॅलोबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला आणि या वेळी काही बोलल्या नाहीत.

"जेवलीस?"

"नाही अजून."

पलीकडून नुसतं "अं?" आलं. ठरलेलं उत्तर आलं नाही म्हटल्यावर माणूस गोंधळणारच. मग तोच मोठा आवाज, "आज जाऊन येऊ या का, डॉक्टरांकडे?"

"हो. जाऊ या."

"बरं," फ्रेमवाले म्हणाले, अगदी तसंच, आणि फोन ठेवला. चौदा वेळा हो ऐकलेल्या माणसाचा पंधराव्यावर कसा विश्वास बसावा?

दुपारी हॅलोबाई धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं कमी येतं. सहा वर्षं झाली. उद्या तुम्ही कॉल ऐकाल तेव्हा कळेलच, म्हणून आधी सांगितलं."

धाकट्या मालकांनी पेन खाली ठेवलं. "बटणांचा कॉल ना? मी परवाच ऐकला." ते आता आपोआप मोठ्यानं बोलायला लागले होते. "मला वाटलं, आजोबा घाबरलेत, त्यांना धड बोलता येत नाहीये म्हणून तुम्ही युक्ती काढलीत. उद्या सगळ्यांना ऐकवणार होतो, असं करत जा म्हणून."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. गप्प बसल्या असत्या तर उद्या दुसरी पाटी लागली असती.

"आता?" हॅलोबाईंनी विचारलं.

"आताही ऐकवीन. का केलंत तेही सांगू का?"

"सांगा."

"बरं."

"आणि खुर्चीचं?"

"खुर्चीला काय झालं?" धाकट्या मालकांनी विचारलं आणि पेन उचललं. "हेडफोनचा आवाज वाढवता येतो, त्या मुलीनं सांगितलं नाही का? आत्ताच बोलावतो तिला. आणि कान दाखवून घ्या."

सहा वाजता हॅलोबाई दुकानात पोचल्या तेव्हा फ्रेमवाले काच कापत होते. काच कापताना ते मान वर करत नसत. टेबलावर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो चौकटीची वाट बघत पडला होता.

"चला," हॅलोबाई म्हणाल्या.

"भाजी ना? तू हो पुढं, मी आलोच."

"भाजी नाही. दुपारी विचारलंत ना, तिकडे."

कापणीची रेघ मधेच थांबली. फ्रेमवाल्यांनी मान वर केली आणि बायकोकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग परत बायकोकडे. "तू ऐकलंस?"

"आज ऐकलं. बाकीचेही ऐकले, सगळे."

फ्रेमवाल्यांनी विचारलं नाही की कसे. त्यांनी काचेवर कापड टाकलं, हात पुसले, दिवा मालवला आणि शटर ओढलं.

रस्त्यावर आल्यावर ते नेहमीप्रमाणे हॅलोबाईंच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आले. चालताना ते नेहमी उजव्या बाजूलाच असत. हॅलोबाईंना इतकी वर्षं वाटत होतं, त्यांना तशी सवयच असेल. दोघं कोपऱ्यापर्यंत आले. मग हॅलोबाई म्हणाल्या, "तिथे गेल्यावर डॉक्टरांना सगळं तुम्हीच सांगा. कधीपासून आहे ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे."